श्रद्धेतील व्यक्ती आणि इतिहासाची कसोटी

अमुक संत खरोखर होऊन गेले काय, त्यांच्याविषयीचा पुरावा कोणता, असा प्रश्न कुणी विचारला की आपल्यापैकी अनेकजण अस्वस्थ होतात. विचारणाऱ्याची श्रद्धा डळमळली आहे, असा अर्थ काहीजण काढतात. याउलट, एका संताची कथा काल्पनिक ठरली म्हणजे सारा धर्मच काल्पनिक ठरला, असा निष्कर्ष काढून मोकळे होणारेही भेटतात. आमच्या मते हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. गेली चारशे वर्षे ख्रिस्तसभेतील विद्वानांनीच तो सातत्याने विचारला आहे आणि प्रत्येक व्यक्तीच्या बाबतीत त्याचे उत्तर निरनिराळे आले आहे. प्रस्तुत लेखात त्यांतील काही उदाहरणे आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. पुरावा तोलण्याची रीत काय आहे आणि तीच रीत प्रभू येशू ख्रिस्ताच्या बाबतीत वापरली असता हाती काय लागते, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

पुरावा कसा तोलतात?

प्राचीन काळातील व्यक्तीविषयी अभ्यासक साधारणपणे चार गोष्टी पाहतात. पहिली, लिखित साक्ष त्या व्यक्तीच्या काळाच्या किती जवळची आहे. दुसरी, साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र आहेत की सर्वांनी एकाच ग्रंथावरून उतरवून घेतले आहे. तिसरी, लिहिणाऱ्याला तसे लिहिण्यात काही लाभ होता काय. स्वतःला अडचणीत आणणारी गोष्ट कुणी मुद्दाम रचत नाही, म्हणून तशा उल्लेखांचे मोल अधिक. चौथी, शिलालेख, नाणी, थडगी अशी भौतिक साधने मजकुराशी जुळतात काय.

संतांच्या बाबतीत आणखी एक साधी कसोटी आहे. बेल्जियमचे येशूसंघीय धर्मगुरू इपोलित डेलेहे यांनी ती मांडली. संताच्या दफनाचे ठिकाण आणि त्याच्या स्मरणाचा दिवस या दोन गोष्टी प्राचीन साधनांत पक्क्या सापडल्या, तर ती व्यक्ती बहुधा खरी असते. मग तिच्याविषयीची कथा कितीही उशिरा रचलेली असो. व्यक्ती आणि कथा यांचा पुरावा वेगवेगळा तपासावा लागतो, हे या कसोटीचे सार होय. पुढील सर्व विवेचनात हा भेद वाचकांनी ध्यानी ठेवावा.

राजपुत्र योसाफत

मध्ययुगीन युरोपात बार्लाम आणि योसाफत या दोन संतांची कथा अतिशय लोकप्रिय होती. हिंदुस्थानातील एका राजाला पुत्र झाला. हा मुलगा पुढे ख्रिस्ती होऊन राज्यत्याग करील, असे भविष्य वर्तविण्यात आले. राजाने त्याला एका सुंदर महालात ठेवले. आजार, वार्धक्य आणि मरण त्याच्या दृष्टीस पडू नये अशी व्यवस्था केली. परंतु एके दिवशी राजपुत्राला व्याधिग्रस्त माणूस दिसला, नंतर एक जराजर्जर वृद्ध दिसला, आणि त्याचे मन वैराग्याकडे वळले. पुढे बार्लाम नावाचा तपस्वी रत्नांच्या व्यापाऱ्याच्या वेषात आला; त्याने राजपुत्राला ख्रिस्ती धर्माची दीक्षा दिली. अखेरीस योसाफतने सिंहासन सोडले आणि अरण्याची वाट धरली.

मराठी वाचकाला ही कथा कुणाची आहे, हे सांगण्याची गरज नाही. ती सिद्धार्थ गौतमाची आहे. पश्चिमेकडे ती कशी गेली, याचा माग आता लागला आहे. मध्य आशियातून ती अरबी भाषेत गेली, अरबीतून जॉर्जियन भाषेत उतरताना ती ख्रिस्ती झाली, आणि इ.स. १००० च्या सुमारास अॅथॉस पर्वतावरील युथिमिअस या जॉर्जियन मठवासीयाने ती ग्रीकमध्ये नेली. इ.स. १०४८ मध्ये कॉन्स्टंटिनोपल येथे तिचे लॅटिन भाषांतर झाले आणि तेथून ती युरोपभर पसरली. नावाचा प्रवासही असाच उद्बोधक आहे. 'बोधिसत्त्व' या शब्दाचे 'बूदासफ' झाले. अरबी लिपीत 'ब' आणि 'य' ही अक्षरे शब्दारंभी केवळ नुक्त्यांच्या संख्येने वेगळी ओळखली जातात. एक नुक्ता वाढला आणि 'बूदासफ'चे 'यूदासफ' झाले. त्यापासून 'योआसाफ' आणि शेवटी 'योसाफत' हे रूप सिद्ध झाले.

१६ व्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या रोमन संतनामावलीत या दोघांची नावे २७ नोव्हेंबरच्या दिवशी नोंदली गेली. त्यापूर्वीच, इ.स. १५७१ मध्ये, व्हेनिसच्या प्रजासत्ताकाच्या प्रमुखाने पोर्तुगालचा राजा सेबास्तियन यास संत योसाफतचा म्हणून एक पवित्र अवशेष भेट दिला होता. पुढे तो अँटवर्प शहरातील संत आंद्रेच्या ख्रिस्तमंदिरात पोहोचला. पुराव्याच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ महत्त्वाचा आहे. नामावलीत नाव असणे, अस्थी दाखविल्या जाणे आणि हजारो भाविकांनी प्रार्थना करणे, या सर्वांवरून श्रद्धा किती दृढ होती हे कळते; व्यक्ती होती हे त्यावरून सिद्ध होत नाही.

कान्हेरीच्या लेण्यांपाशी

या कथेचा एक धागा आपल्या परिसरात येऊन पोहोचतो. गोव्यात राहून पोर्तुगीज सत्तेचा इतिहास लिहिणारा बखरकार दियोगु दो कोतु (मृत्यू इ.स. १६१६) याने साष्टी बेटातील कान्हेरीच्या लेण्यांचे वर्णन केले आहे. हे बेट त्या काळी वसईच्या पोर्तुगीज अमलाखाली होते. या लेण्यांविषयी त्याने साष्टीतील एका अतिवृद्ध माणसाकडे चौकशी केली. संत योसाफतच्या पित्याने आपल्या मुलाला एकांतात वाढविण्यासाठी ही लेणी खोदविली, असे त्या वृद्धाने सांगितल्याचे तो नोंदवितो. एवढ्यावर तो थांबत नाही. लोक ज्याला बुद्ध म्हणून पूजतात तो हाच योसाफत असावा, असा तर्कही तो करतो.

कोतुचे निरीक्षण अचूक होते; त्याची दिशा मात्र उलटी होती. त्याच्या दृष्टीने योसाफत मूळ आणि बुद्ध ही त्याची स्मृती. कान्हेरी ही बौद्ध भिक्षूंची लेणी आहेत आणि त्यांची निर्मिती इसवी सनाच्या आरंभापासून अनेक शतके होत राहिली, हे तेथील शिलालेखांवरून आज आपल्याला ठाऊक आहे. इ.स. १८५९ मध्ये फ्रान्सचे लाबुले आणि १८६० मध्ये जर्मन विद्वान फेलिक्स लीब्रेख्त यांनी योसाफतची कथा बुद्धचरित्रावरून आली असल्याचे दाखवून दिले. रोमन नामावलीच्या जुन्या आवृत्त्यांत ही नावे होती, परंतु मिस्साग्रंथात या दोघांच्या सणाला स्थान नव्हते.

योसाफत काल्पनिक ठरला म्हणून गौतम बुद्ध काल्पनिक ठरत नाहीत, हेही येथे सांगणे आवश्यक आहे. सम्राट अशोकाने लुंबिनी येथे उभारलेला स्तंभ इ.स. १८९६ मध्ये उजेडात आला. बुद्धांचा जन्म येथे झाला, अशी नोंद त्यावर आहे. बुद्धांनंतर दीड-दोन शतकांतच, किंवा जुन्या कालगणनेनुसार सुमारे अडीच शतकांनी, कोरलेला तो लेख आहे.

अँटवर्पचे संशोधक

योसाफतचा अवशेष ज्या अँटवर्पमध्ये पोहोचला, त्याच शहरात संतचरित्रांच्या चिकित्सक अभ्यासाचा पाया घातला गेला. हेरिबर्ट रोस्वेडे या येशूसंघीय धर्मगुरूंनी इ.स. १६०७ मध्ये या कार्याची योजना मांडली. संतांची चरित्रे उत्तरकालीन सजावटीसह न छापता जुन्या हस्तलिखितांवरून शोधून छापावीत, असा त्यांचा आग्रह होता. जुन्या चरित्रांतील विक्षिप्त मजकूर बाहेर आला तर लाभापेक्षा हानी अधिक होईल, अशी भीती कार्डिनल बेलार्मिन यांच्यासारख्या थोर विद्वानालाही वाटली. तरीही काम पुढे चालले. रोस्वेडे यांच्यानंतर फादर जाँ बोलां यांनी ते हाती घेतले आणि इ.स. १६४३ मध्ये जानेवारी महिन्याच्या संतांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांच्या नावावरून या संशोधकांना 'बोलांदिस्त' म्हणतात.

या मंडळींना किंमतही मोजावी लागली. कार्मेलाइट संघाची स्थापना स्वतः एलिया संदेष्ट्याने केली, अशी त्या संघाची परंपरा होती. फादर दानिएल पापेब्रोक यांनी संघाचा आरंभ १२ व्या शतकात झाला असे साधार दाखविले. त्यावर मोठे वादळ उठले. इ.स. १६९५ मध्ये स्पेनच्या धर्मन्यायपीठाने बोलांदिस्तांचे खंड निषिद्ध ठरविले. ही बंदी इ.स. १७१५ मध्ये उठली. पापेब्रोक त्याच्या आदल्या वर्षी निवर्तले होते. आज कार्मेलाइट संघाचे इतिहासकारही संघाचा आरंभ १२ व्या शतकाच्या अखेरीस कार्मेल पर्वतावर जमलेल्या तपस्व्यांपासून सांगतात. एलियाविषयीची त्यांची भक्ती मात्र तिळमात्र कमी झालेली नाही.

तीन संत, तीन निर्णय

संत फिलोमिना यांची कथा १९ व्या शतकातील आहे. इ.स. १८०२ च्या मे महिन्यात रोममधील प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीत एक थडगे सापडले. ते बंद करणाऱ्या तीन फरशांवर 'लुमेना', 'पाक्स ते', 'कुम फी' अशी अक्षरे होती. फरशांचा क्रम बदलून वाचल्यास 'पाक्स तेकुम फिलुमेना', म्हणजे 'फिलुमेना, तुला शांती असो', असा अर्थ लागतो. आत एका किशोरवयीन मुलीच्या अस्थी होत्या. एवढाच पुरावा. ती राजकन्या होती, सम्राटाने तिचा छळ केला, इत्यादी तपशील इ.स. १८३३ मध्ये नेपल्सच्या एका धर्मभगिनीने आपल्याला झालेल्या दर्शनांच्या आधारे सांगितले. पुढे पुरातत्त्वज्ञ ओराझिओ मारुक्की यांनी, त्या फरशा मुळात दुसऱ्या थडग्यावरच्या असून नंतर पुन्हा वापरल्या असाव्यात, असे मत मांडले. इ.स. १९६१ मध्ये रोमने हा सण सर्व दिनदर्शिकांतून वगळला. आर्स गावचे संत जॉन मारी व्हियानी यांची फिलोमिनांवर अपार भक्ती होती, हे सत्य त्यामुळे पुसले जात नाही.

संत ख्रिस्तोफर यांच्याविषयी नेहमी असा समज आढळतो की, इ.स. १९६९ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यांना 'संतपदावरून काढले'. हे खरे नाही. १४ फेब्रुवारी १९६९ रोजीच्या पत्राने जागतिक उपासना-दिनदर्शिकेची पुनर्रचना झाली आणि त्यांचा सण स्थानिक दिनदर्शिकांवर सोपविला गेला. ५ व्या शतकाच्या मध्यास आशिया मायनरमध्ये त्यांच्या नावाचे ख्रिस्तमंदिर होते. म्हणजे नाव आणि भक्ती प्राचीन आहे. बाल येशूला खांद्यावर घेऊन नदी पार करणाऱ्या धिप्पाड माणसाची कथा मात्र मध्ययुगातील आहे. 'ख्रिस्तोफर' म्हणजे 'ख्रिस्ताला वाहणारा'. नावाच्या अर्थातूनच ती कथा उमलली, असे अभ्यासक मानतात.

संत कॅथरीन ऑफ अलेक्झांड्रिया यांचे उदाहरण कोकण-गोव्याच्या वाचकाला जवळचे आहे. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, म्हणजे त्यांच्या सणाच्या दिवशी, आफोन्सु द आल्बुकर्क याने गोवा जिंकले. म्हणूनच जुन्या गोव्याचे भव्य 'से' कॅथेड्रल संत कॅथरीनना समर्पित आहे. परंपरेनुसार त्या ४ थ्या शतकाच्या आरंभी रक्तसाक्षी झाल्या. परंतु त्यानंतर कित्येक शतके त्यांच्याविषयी एकही खात्रीलायक उल्लेख सापडत नाही. या कारणास्तव इ.स. १९६९ मध्ये त्यांचा सण वगळण्यात आला. इ.स. २००२ च्या मिस्साग्रंथात तो ऐच्छिक स्मरणदिन म्हणून पुन्हा आला. नवा पुरावा सापडला म्हणून हे घडले नाही. पुराव्याचा अभाव म्हणजे अभावाचा पुरावा नव्हे, आणि दीर्घ भक्तिपरंपरेलाही काही स्थान आहे, एवढेच त्यातून ध्वनित होते.

नाण्यांनी दिलेली साक्ष

शंका नेहमी नकारातच संपते असे नाही. ३ ऱ्या शतकात सिरियाक भाषेत रचलेल्या 'थोमाची कृत्ये' या ग्रंथात प्रेषित थोमा गुंडफर नावाच्या हिंदुस्थानी राजाकडे आले, असे म्हटले आहे. हा राजा कल्पित असावा असा समज दीर्घकाळ होता. १९ व्या शतकात वायव्य सरहद्दीवर आणि अफगाणिस्तानात गोंडोफारस राजाची नाणी सापडली; पेशावरजवळील तख्त-ई-बाही येथील शिलालेखावरून त्याचा काळही १ ल्या शतकाचा पूर्वार्ध ठरला. राजा खरा निघाला. येथेही संयम राखावा लागतो. नाण्यावरून राजा सिद्ध होतो. प्रेषित त्याच्या दरबारी आले होते, हे नाणे सांगत नाही. कथेच्या लेखकाला हिंदुस्थानविषयी खरी माहिती उपलब्ध होती, इतके मात्र निश्चित झाले.

प्रभू येशू ख्रिस्त

संतांना लावलेली कसोटी प्रभू येशूच्या बाबतीत टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. येशूच्या हयातीत कुणी लिहिलेला मजकूर आज उपलब्ध नाही. त्याचा जन्मदिवस आपल्याला ठाऊक नाही. २५ डिसेंबर ही उपासनेसाठी स्वीकारलेली तारीख आहे. जन्मवर्षाबाबतही अडचण आहे. मत्तय आणि लूक हे दोघेही येशूचा जन्म हेरोद राजाच्या काळाशी जोडतात आणि हा राजा बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स.पू. ४ मध्ये वारला. लूकने उल्लेखिलेल्या सुभेदार क्विरीनिय याची इतिहासाला ज्ञात असलेली खानेसुमारी मात्र इ.स. ६ ची आहे.

हे सर्व मान्य करूनही हाती उरते ते थोडे नाही. संत पौलाची पत्रे येशूच्या मृत्यूनंतर वीस-तीस वर्षांत लिहिली गेली. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, आपण यरुशलेमात केफाकडे पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यास भेटलो. काल्पनिक माणसाच्या भावाला कुणी भेटू शकत नाही. यहुदी इतिहासकार योसेफस याने इ.स. ९३ च्या सुमारास याच याकोबाच्या वधाची नोंद करताना त्याला ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ म्हटले आहे. योसेफसच्या ग्रंथात येशूविषयी दुसरा, अधिक विस्तृत उतारा आहे. त्यात नंतरच्या ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली, हे कॅथलिक विद्वानही मान्य करतात. रोमन इतिहासकार टॅसिटस याला ख्रिस्ती लोकांविषयी तिटकारा होता. तरीही इ.स. ११६ च्या सुमारास तो लिहितो की, ख्रिस्ताला तिबेरियसच्या कारकिर्दीत पोंती पिलाताने देहदंड दिला. पिलाताचे नाव कोरलेली शिळा इ.स. १९६१ मध्ये कैसरिया येथे उत्खननात सापडली.

अडचणीत आणणाऱ्या उल्लेखांची कसोटीही येथे लागू पडते. क्रूसावरचे मरण हे गुलाम आणि बंडखोर यांच्या वाट्याला येणारे लाजिरवाणे मरण होते. आपला तारणारा असा मेला, ही गोष्ट प्रचारासाठी कुणी रचली नसती. नाझरेथसारखे नगण्य गाव आणि योहानाच्या हातून झालेला बाप्तिस्मा यांविषयीही असेच म्हणता येईल. स्वतः श्रद्धावंत नसलेले अमेरिकन विद्वान बार्ट एर्मन यांनी इ.स. २०१२ मध्ये एक संपूर्ण ग्रंथ लिहून येशू ही ऐतिहासिक व्यक्ती होती, असे प्रतिपादन केले. या क्षेत्रातील बहुसंख्य अभ्यासकांचे मत तेच आहे.

इतिहासाची मर्यादाही येथेच दिसते. येशू होता, त्याने शिकविले, त्याला क्रूसावर खिळले आणि तो उठला आहे अशी घोषणा त्याच्या शिष्यांनी केली, येथवर इतिहास आपल्याला आणून सोडतो. ती घोषणा सत्य आहे, हे म्हणणे श्रद्धेचे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने इ.स. १९६५ च्या 'देई व्हेर्बुम' या दस्तऐवजात शुभवर्तमानांची ऐतिहासिकता ठामपणे सांगितली; त्याच वेळी, शुभवर्तमानकारांनी साहित्यातून निवड केली, काही गोष्टी संक्षिप्त केल्या, हेही स्पष्ट नमूद केले.

सोयीचा खोटा पुरावा

श्रद्धेला अनुकूल असलेला प्रत्येक कागद खरा नसतो. येशूच्या रूपाचे वर्णन करणारे 'लेंतुलसचे पत्र' आजही भक्तिभावाने वाटले जाते; ते मध्ययुगातील बनावट लेखन असून १५ व्या शतकातच लोरेन्झो व्हाल्ला यांनी त्याचे पितळ उघडे पाडले होते. दुसऱ्या बाजूला, येशू तरुणपणी हिंदुस्थानात येऊन शिकला असे सांगणारे निकोलस नोटोव्हिच यांचे पुस्तक इ.स. १८९४ मध्ये निघाले. लडाखमधील हेमिस मठात आपल्याला तसे हस्तलिखित वाचून दाखविण्यात आले, असा त्यांचा दावा होता. त्याच वर्षी माक्स म्युल्लर यांनी त्यावर कठोर टीका केली. पुढल्या वर्षी आग्र्याचे प्राध्यापक आर्चिबाल्ड डग्लस स्वतः हेमिसला गेले, तेव्हा मठाच्या प्रमुख लामांनी असे कोणतेही हस्तलिखित असल्याचा इन्कार केला. तरीही ही गोष्ट आपल्याकडे आजही ऐकू येते. लेंतुलसचे पत्र स्वीकारून नोटोव्हिचला नाकारणे, किंवा त्याच्या उलट करणे, हा न्याय नव्हे.

समारोप

वरील उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. 'प्राचीन धर्मपुरुष खरे की खोटे' या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. योसाफत ही व्यक्ती नव्हती. फिलोमिना यांच्या नावे एक थडगे आहे, चरित्र नाही. ख्रिस्तोफर यांचे नाव प्राचीन आहे, कथा नंतरची. कॅथरीन यांच्याविषयी साधने मौन आहेत. येशू नाझरेथकराची साक्ष मात्र शत्रू आणि मित्र दोघेही देतात. ही वर्गवारी करण्याचे धैर्य ज्यांनी दाखविले, त्यांतील अनेकजण व्रतस्थ धर्मगुरू होते.

म्हणून मुलाने घरी किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गात असा प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नये, अशी आमची वाचकांना विनंती आहे. कोणत्या संताविषयी काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, हे त्याला नीट सांगावे. सगळे सारखेच खरे आहे असे शिकविलेल्या मुलाला उद्या फरशांची किंवा नुक्त्यांची हकिगत बाहेर कळली, तर तो क्रूसावरच्या साक्षीवरही विश्वास ठेवणार नाही. आणि आपल्या संतांविषयी जी काटेकोर भाषा आपण वापरू, तीच शेजाऱ्याच्या धर्मपुरुषांविषयी बोलतानाही वापरावी. साष्टीच्या त्या वृद्धाने एका धर्माच्या लेण्यांत दुसऱ्या धर्माचा संत पाहिला. त्या लेण्यांचे खरे मालक कोण, हे पुराव्याने शोधून काढणे हाही सत्याच्या सेवेचाच भाग आहे.